मांजराचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा?

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रलेखकांची मिळकत बेताची आहे आणि घरात एखादा प्राणी असावा ही ओढ व महिनाअखेरची ओढाताण यांचा मेळ तिघांनाही घालता येत नाही. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या दोन प्रश्नांचे मूळही त्याच पत्रात आहे.

प्रश्न : मी पंचेचाळिशी ओलांडली असून वृद्ध वडिलांसह राहते. माझी नोकरी कंत्राटी आहे आणि वडिलांच्या औषधांचा खर्च वाढल्यापासून धाकटा भाऊ दरमहा काही रक्कम पाठवतो. आमच्याकडे सहा वर्षांपासून एक बोका आहे. पिल्लू असताना तो जिन्याखाली सापडला होता. वडील सकाळी अंथरुणातून उठायची टाळाटाळ करतात, परंतु बोका दाराशी ओरडू लागला की तेच उठून त्याला खायला घालतात. घरखर्च रोजच्या रोज वहीत लिहिण्याची मला सवय आहे. गेल्या महिन्यात भाऊ आला असता त्याने ती वही सहज चाळली, मांजराचे खाणे आणि पशुवैद्यांची फी या नोंदींवर बोट ठेवले आणि म्हणाला, “ताई, मी पाठवतो ते पैसे यासाठी का?” तो रागावून बोलला नाही, म्हणूनच ते अधिक लागले. तेव्हापासून मी हा खर्च ‘किरकोळ’ या नावाखाली लिहू लागले आहे आणि त्याचीही लाज वाटते. बोका नसता तर महिना जरा सुसह्य गेला असता हे मला कळते. पण त्याच्याशिवायचे घर डोळ्यांपुढे आणवत नाही. ही माझी चैन आहे की गरज? आणि गरज असेल तर ती भावाला कोणत्या शब्दांत सांगावी?

उत्तर : सर्वप्रथम वहीतला ‘किरकोळ’ हा शब्द खोडा आणि तेथे ‘मांजर’ असे लिहा. लाज खर्चाची वाटते अशी तुमची समजूत असली, तरी ती बहुतांशी लपवाछपवीची आहे, आणि जी नोंद आपणच लपवली तिची बाजू आपल्याला मांडता येत नाही.

चैन आणि गरज यांच्यामधली रेघ आपण समजतो तितकी ठळक नसते. जे काढून घेतल्यावर बाकीचे जगणे होते तसेच चालू राहते ती चैन, आणि जे काढल्यावर त्याला बांधलेल्या इतर गोष्टीही सुटू लागतात ती गरज, अशी एक साधी व्याख्या मी स्वतःपुरती केली आहे. तुमच्या घरातून बोका वजा केला तर वडिलांचे सकाळचे उठणेही वजा होण्याची शक्यता आहे. ही गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, परंतु माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते की, दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांना एखादा लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो. आणि हे लिहिणारी स्त्री रुग्णालयातील खर्चाचा व स्वच्छतेचा काटेकोर हिशेब मागणारी होती, भाबडी नव्हती.

पाळीव प्राणी निरपेक्ष प्रेम देतो, हे वाक्य या विषयावर इतक्यांदा लिहिले गेले आहे की वाचताना आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मांजराच्या बाबतीत तर त्याच्या खरेपणाविषयी मला शंकाच आहे, कारण खाण्याची वेळ झाली की मांजर पायांत घोटाळू लागते, त्या लाडीगोडीला निरपेक्ष म्हणणे धाडसाचे होईल. पैशांच्या ओढग्रस्तीत दिवस काढणाऱ्या माणसाला प्राणी इतका आवश्यक का वाटतो, याचे कारण प्राणी काय देतो याऐवजी तो आपल्याकडून काय घेतो यात शोधावे, असे मला वाटते. सततची चणचण माणसाला हळूहळू कायमचा घेणारा करून टाकते. कंत्राटाची मुदत वाढवून मागायची, बिल भरायला चार दिवसांची सवलत मागायची, भावाने प्रेमानेच पाठवलेली रक्कम स्वीकारायची, आणि प्रत्येक ठिकाणी आवाज किंचित खाली ठेवायचा. या मिंधेपणाला कोणी जबाबदार असतेच असे नाही, पण तो अंगात मुरतो. अशा दिवसात एकच व्यवहार असा उरतो की ज्यात आपला हात वरचा असतो, आणि तो म्हणजे मांजराच्या वाटीत खाणे घालणे. त्या जिवाला तुमची मिळकत ठाऊक नाही. त्याच्या लेखी तुम्ही पोशिंद्या आहात. महिन्याकाठी जो पैसा तुम्ही खर्च करता त्याच्या मोबदल्यात हे स्थान तुम्हाला मिळते, आणि दुसरीकडे कोठेही ते इतक्या थोड्या पैशांत मिळणार नाही.

याला थोडा आधारही आहे. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना स्वतःचे लहानसहान निर्णय स्वतः घेण्यास प्रोत्साहन देण्यात आले आणि प्रत्येकाला एक रोप देऊन त्याची निगा त्यांनीच राखायची असे सांगण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपे मिळाली, परंतु त्यांना पाणी घालण्याचे काम कर्मचाऱ्यांकडे होते. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक सजग, अधिक हालती-फिरती आणि अधिक समाधानी आढळली. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुमच्या बोक्याने हेच काम पत्करले आहे, फक्त तो रोपापेक्षा जास्त ओरडतो.

आणि ही आजकालच्या सुखवस्तू लोकांची हौस आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला जर्मनीतील बॉनजवळच्या ओबरकॅसल येथील कबरीची हकिकत सांगावी. १९१४ साली तेथील दगडखाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या अस्थींसोबत एका कुत्र्याच्या अस्थी मिळाल्या. ते दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. कुत्र्याच्या दातांचा अलीकडे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की सुमारे सात महिन्यांचे ते पिल्लू मृत्यूपूर्वी कित्येक आठवडे डिस्टेंपर या भयंकर रोगाने आजारी होते आणि कोणीतरी सतत उबेत ठेवून, स्वच्छ करून, खाऊ-पाणी भरवल्याखेरीज इतके दिवस जगणे त्याला शक्य नव्हते. शिकार करून पोट भरणाऱ्या त्या माणसांपाशी उद्याची काय शाश्वती असणार? त्या आजारी पिल्लाचा शिकारीलाही उपयोग नव्हता, राखणीलाही नव्हता. तरीही त्यांनी त्याला घास दिला.

आता भावाकडे वळू. त्याची समजूत घालताना मांजरांमुळे आरोग्य सुधारते असे दाखले देण्याचा मोह होईल, तो आवरावा. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभर नोंद ठेवली होती. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ दगावले, तर न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११. आकडे ठसठशीत आहेत, परंतु नंतरच्या सर्व अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिलेला नाही, आणि ज्यांची प्रकृती मुळात बरी असते तेच प्राणी सांभाळू शकतात ही शक्यताही उरतेच. बोक्यामुळे वडिलांची औषधे कमी होतील असे तुम्ही भावाला सांगितले आणि तसे झाले नाही, तर बोका पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील.

भावाचा प्रश्न मी अन्याय्य मानत नाही. दरमहा पैसे पाठवणारा माणूस बहुधा स्वतःचे काहीतरी आवरते घेऊन ते पाठवत असतो, आणि आपण सोडलेल्या गोष्टीच्या जागी मांजराचे खाणे दिसले की कोणालाही टोचते. त्याला युक्तिवादापेक्षा हिशेब द्या. वहीत दोन बाजू करा: भावाचे पैसे वडिलांच्या औषधांकडे कसे गेले हे एका बाजूला दिसू द्या, आणि मांजराचा खर्च दुसऱ्या बाजूला तुमच्या पगारातून वजा होताना दिसू द्या. पैसा कोणत्याही खिशातून आला तरी अखेर एकाच घरात येतो, हे त्यालाही कळते आणि तुम्हालाही. पण ही मांडणी मानाची आहे, आणि त्याचा प्रश्नही अखेर मानाचाच होता. त्याच्या पुढच्या भेटीत सकाळी लवकर उठून वडील काय करतात ते त्याला पाहू द्या. त्याविषयी आधी काही सांगू नका.

खर्च खरोखर कोठे वाचतो आणि कोठे वाचवू नये, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. मोठ्या मांजराला दुधाची आवश्यकता नसते. अनेकांना ते पचतही नाही, तेव्हा दूध देत असाल तर खुशाल बंद करा. उलट, मांजर हा पूर्णतः मांसाहारावर अवलंबून असलेला प्राणी आहे आणि टॉरिन हा घटक त्याला आहारातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात, म्हणून केवळ ताटातल्या उरल्यासुरल्यावर त्याला ठेवणे ही काटकसर अखेर महागात पडते. निर्बीजीकरण झाले नसेल तर ते करून घ्या, कारण तो एकदाचा खर्च पुढची मारामारी, जखमा आणि भटकणे पुष्कळ कमी करतो. घरातले माणसाचे औषध त्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आणि नर मांजर वारंवार लघवीला बसते आहे पण लघवी होत नाही असे दिसले, तर महिनाअखेर आहे म्हणून थांबू नका. मूत्रमार्ग पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. याच प्रसंगासाठी दरमहा अगदी थोडी रक्कम बाजूला काढत जा आणि तीही वहीत स्वच्छ अक्षरांत लिहा.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे. नोकरीसाठी एकटा राहतो, खोली भाड्याची आहे आणि जाण्या-येण्यासह बारा तास बाहेर जातात. पगारातून घरी पैसे पाठवल्यावर फार थोडे उरते. तरीही मला कुत्र्याचे पिल्लू आणायचे आहे. मित्र म्हणतात, “आधी स्वतःचे भागव,” किंवा “फारच वाटत असेल तर माशांची टाकी घे, ती स्वस्त पडते.” परंतु खोलीचे कुलूप उघडताना आत कोणीतरी वाट पाहणारे असावे, एवढेच मला हवे आहे. यात माझे काय चुकते?

उत्तर : चुकत काहीच नाही, आणि तरीही पिल्लू आणू नका असेच मी सांगेन.

माझी हरकत तुमच्या पगाराला नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लेस्ली आयर्विन यांनी कुत्र्यांसह रस्त्यावर राहणाऱ्या बेघर माणसांशी बोलून त्यांचे जगणे अभ्यासले, तेव्हा आपल्याआधी कुत्र्याला खायला घालतो असे सांगणारे अनेक जण त्यांना भेटले. पैशाने कंगाल असलेल्या या माणसांपाशी एक गोष्ट मात्र भरपूर होती, आणि ती म्हणजे कुत्र्याला देता येईल अशी सोबत. त्यांची कुत्री चोवीस तास त्यांच्याबरोबर असत. तुमच्यापाशी नेमकी तीच नाही. कुलूप उघडताना कोणीतरी वाट पाहत असावे असे तुम्ही लिहिता. त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला बारा तास बंद दाराकडे पाहत बसलेले दोन महिन्यांचे पिल्लू आहे, ज्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते, दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते आणि एकटे पडले की जे रडते, कुरतडते आणि शेजाऱ्यांना त्रास होईपर्यंत भुंकते. भाड्याच्या खोलीत याचा शेवट बहुधा घरमालकाच्या निरोपाने होतो.

पैशांचेही बोलू. पिल्लाचा खर्च पहिल्या वर्षी सर्वांत जास्त येतो: सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लशी, रेबीजची लस वेगळी, जंतनाशकाच्या मात्रा, पुढे निर्बीजीकरण. यांपैकी रेबीजच्या लशीत तडजोड अजिबात चालत नाही, कारण तो आजार प्राण्याला झाला किंवा माणसाला झाला, तरी लक्षणे दिसू लागल्यावर बचावण्याची आशा जवळजवळ नसते. त्यानंतरही दहा-बारा वर्षे सोबतीची आहेत, आणि त्या काळात तुमची नोकरी, खोली आणि कदाचित गावही बदलेल.

माशांच्या टाकीबद्दल मित्रांचा मोठाच गैरसमज आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो, तो मोडणारे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि गाळणयंत्र नसलेल्या काचेच्या भांड्यात गोल्डफिश हळूहळू गुदमरतो. नीट सांभाळला तर तोच मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. स्वस्त म्हणून आणलेला प्राणी बहुधा स्वस्तातच मरतो, असे माझे निरीक्षण आहे.

मग करावे काय? शेजारपाजारी एखाद्या वयस्कर गृहस्थांना आपल्या कुत्र्याला फिरवणे झेपत नसेल, तर सकाळचा अर्धा तास तुम्ही घ्या. सुटीच्या दिवशी प्राण्यांच्या एखाद्या निवाऱ्यात हात लावा. काही निवारे प्राण्यांना थोड्या काळासाठी घरी सांभाळायला देतात आणि औषधपाण्याचा खर्च स्वतः करतात. कामाचे तास कमी झाले की तेही करून पाहता येईल. याने कुलूप उघडतानाची तुमची पोकळी भरून निघेल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. परंतु कामाची वेळ बदलली किंवा खोलीत जोडीदार आला, तर पिल्लाऐवजी एखादे मोठे, शांत स्वभावाचे मांजर किंवा वयात आलेले कुत्रे पाहा. अशा प्राण्यांना घर मिळणे अवघड असते, त्यांचा स्वभाव आधीच कळलेला असतो आणि पहिल्या वर्षाचा मोठा खर्च बहुधा कोणीतरी अगोदर केलेला असतो. तेव्हा मला पुन्हा पत्र लिहा, माझे उत्तर वेगळे असेल.

प्रश्न : गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. आमच्या सात वर्षांच्या कुत्र्याला त्वचेचा जुनाट विकार आहे आणि त्याची औषधे परवडेनात, म्हणून मी त्याला ओळखीच्या एका कुटुंबाकडे दिले. तेथे तो चांगला आहे. ते लोक भेटायलाही बोलावतात. मी अजून गेलेलो नाही. अकरा वर्षांची मुलगी मात्र म्हणते, “बाबा, पैसे संपले तर मलाही द्याल का?” मी तिला काय उत्तर देऊ?

उत्तर : तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे आणि ते आजच, तिच्याजवळ बसून, एकदा स्पष्ट द्या. “वेडी आहेस का” असे म्हणून तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, कारण मूल असे गमतीने विचारत नाही.

वरच्या उत्तरात मी प्राण्याला गरज म्हटले आहे, म्हणून तुम्हाला अपराधी वाटण्याचे कारण नाही. प्राणी सांभाळणे ही देण्याची गोष्ट आहे असे मी मानतो, आणि औषधावाचून खाजवून खाजवून रक्तबंबाळ होणाऱ्या जिवाला केवळ आपल्याला करमत नाही म्हणून जवळ ठेवणे, हे देणे नसून घेणेच झाले असते. तुम्ही त्याला सोडून दिले नाही, त्याच्यासाठी घर शोधले. ती तुम्ही त्याला दिलेली शेवटची गोष्ट होती. चूक झाली असेल तर ती वेगळ्या ठिकाणी: निर्णय होईपर्यंत मुलीला बहुधा काही कळू दिले नसावे. औषधांना किती पैसे लागत होते आणि घरात किती येत होते, हे अकराव्या वर्षी कळते. तिला कागदावर लिहून दाखवा.

मग तिला घेऊन तेथे जा. तुम्ही अजून का गेला नाहीत याचा अंदाज मला आहे: तो तुम्हाला विसरला असेल याची धास्ती आहे, आणि विसरला नसेल याची त्याहून जास्त. सात वर्षे घरात वाढलेला कुत्रा वर्षभरात माणसे विसरत नाही, तेव्हा दारातच तो तिच्या अंगावर झेप घेईल. निघताना मात्र तो फाटकापर्यंत येईल, क्षणभर थांबेल आणि वळून आपल्या नव्या माणसांकडे जाईल. तेथे मुलीचा हात ओढून घाई करू नका. तो आत जाईपर्यंत तिला उभी राहू द्या.